वर्दी

ड्रेनच्या पिशवीतला रंग
सोळा दिवस मी वहीत लिहीत होते :
काळा चहा, काळा चहा, काळा चहा.
आज पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
त्या चहात
आगळाची एक धार.

थोडीशीच. चमचाभर.
डॉक्टर थरवत झोपेतून म्हणाले, नळी घासली असेल,
सकाळी बघू.
मी म्हटलं, नाही.
मोठं रक्त येण्याआधी
लहान रक्त येऊन सांगून जातं.
आमच्याकडे धरणाचं पाणी सोडण्याआधी भोंगा होतो
आणि नदीवर धुणं धुणाऱ्या बायका वर येतात.
भोंग्याला कुणी थोडासाच आवाज म्हणत नाही.

लवू पेडणेकर, वय एक्केचाळीस, पाइप फिटर,
फहाहीलच्या कॅम्पात बारा खाटांतली सातवी.
थेंबाला कधी शिवला नाही, तरी आल्या दिवसापासून
जो तो आधी तेच विचारून गेला.
निघाला पित्ताचा खडा, तूरडाळीएवढा,
नळीच्या तोंडाशी अडकलेला.
आतलं पाचक पाणी मागे फिरलं
आणि ज्याने घास जिरवायचा
त्याने घरच जिरवायला घेतलं.

स्वादुपिंड.
शाळेत हा शब्द मला शिऱ्यासारखा लागायचा.
आता वाटतं, कुणी ठेवला असेल
गोडाच्या शेजारी पिंड?
पिंड म्हणजे अंग, पिंड म्हणजे स्वभाव,
आणि तिसरा, दर्भावर ठेवतात तो.
रात्रपाळीत मी पहिल्या दोहोंवरच थांबते.

नाडी एकशे अठ्ठावीस. हिमोग्लोबिन अकरावरून सात.
हेपारिन बंद. दोन्ही हातांत जाड सुया.
लिसम्मा रक्तपेढीला फोनवर मल्याळममध्ये ओरडते,
पलीकडे कुणीतरी मल्याळममध्येच धावतं.
सीटीच्या पडद्यावर
जठराखालच्या धमनीला लागून
एक खोटा फुगा :
भिंती नसलेली खोली, रक्ताने भरलेली.

पोट उघडायचं नाही.
आत सगळं भिजल्या साबणासारखं,
टाका घालावा तर टाक्यासकट हातात येईल.
डॉक्टर हनादी मांडीतल्या धमनीतून जाणार,
नळीतून नळी, तिच्यातून केसाएवढी तार,
प्लॅटिनमची वेटोळी सोडत.
संमतीचा कागद अरबीत. मी मराठीत सांगते,
मराठी पुरत नाही म्हणून मालवणीत.
तो डोळे मिटून ऐकतो. ओठ पांढरे.
मग एवढंच :
"दोनय बाजूंनी बंद करा, बाय.
नायतर पाठसून येतला."

एकोणीस वर्षं गळत्याच बंद केल्या त्याने.
मी हे इंग्रजीत सांगते तेव्हा
शिशाचा एप्रन बांधता बांधता डॉक्टर हनादी थांबतात.
हसत नाहीत.
"बरोबर बोलतोय. ही दोन्हीकडून भरते.
आधी पलीकडचं दार, मग अलीकडचं."

पलीकडे चार वेटोळी.
अलीकडे तीन.
रंग सोडला : पडद्यावर काळी नदी आली,
वळणापाशी अडली,
दुसऱ्या वाटेने यकृताकडे गेली.
मागूनही बघा, मी म्हटलं.
त्या आधीच बघत होत्या.
मागून काही आलं नाही.

बाहेर कॅम्पातले नऊ जण, शुक्रवारची झोप मोडून,
बाह्या वर करून उभे.
त्यातला एक नेपाळी पोरगा विचारतो,
माझं रक्त त्यालाच जाणार ना?
पेढीत कुणाचं कुणाला जातं ते मला ठाऊक आहे.
मी हो म्हणते.

संपलेलं काहीच नाही.
ते पाणी अजून आत चावतं आहे,
उद्या दुसरी धमनी गाठेल, न गाठेल.
कुडाळहून बायको फोनवर विचारते, जेवले का?
नाकातल्या नळीकडे बघत मी सांगते,
थोडं.

संध्याकाळी सहा. चाळीस मिली. रंग :
खिडकीत रिफायनरीची ज्योत,
तिच्यापुढे धरलं तर सगळंच लाल दिसतं.
ज्योतीकडे पाठ करते,
पिशवी ट्यूबलाइटखाली वळवते, पुन्हा बघते,
मग लिहिते.
चहा.