रजिस्टर नऊ

"मशीन फक्त शनिवारी विसरतं,"
कोंडविलकर म्हणाले, आणि खुर्ची नसल्यामुळे उभेच राहिले.
मागून हमाल, डोक्यावर अठरा किलोचा सिग्नल जनरेटर.
वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस, पोटमाळ्यावरचा माझा गाळा;
जिना असा, की त्याने मला आणि यंत्र बनवणाऱ्याला
एकाच शिवीत बसवलं.

शनिवारीच का, हे विचारायची गरज नव्हती.
शुक्रवारी आमच्याकडे वीज नसते.
बाकीचे सहा दिवस ते त्याला बंदच करत नाहीत,
रात्रभर जागं ठेवतात,
राखणीला बसवलेल्या पोराला चिमटे काढावेत तसं.

झाकणाला चौदा भोकं, स्क्रू तेरा.
म्हणजे माझ्याआधी कुणीतरी आत येऊन गेलंय.
सेलवर मार्करने तारीख, गेल्या दिवाळीतली.
मीटर म्हणाला, तीन पॉइंट चार. ठणठणीत.
तिशीत असतो तर तरीही बदलला असता,
दोनशे रुपये लावले असते, आणि पुढच्या शनिवारी
हाच हमाल, हाच जिना.

मेमरीच्या पायावर टोक टेकवलं: एक पॉइंट सहा.
सेल देतोय, पोचत नाहीये.
वाटेत कोण खातंय?
डायोड उलटसुलट तपासला, सरळमार्गी निघाला.
रेझिस्टर छापल्याबरहुकूम.
राहिला एक कपॅसिटर, मुगाच्या दाण्याएवढा,
वरून चकचकीत, आतून झिरपणारा.
पस्तीस वर्षं कुणी त्याच्यावर संशय घेतला नव्हता.

मशीन चालू करून रजिस्टरं चाळली.
एक ते आठ नुसता कचरा.
नऊ मात्र शाबूत:
एकशे छप्पन्न पॉइंट आठ मेगाहर्ट्झ,
पातळी उणे एकशे एकोणीस.
"ते आमचं नाही," कोंडविलकर म्हणाले. "आम्ही गेटचे रिमोट करतो.
हे भंगारात घेतलंय, रबाळ्याच्या बंद कंपनीतलं. पुसून टाका."

करंजाला माझ्या मावसभावाची बोट आहे.
त्याच्या केबिनमधला सेट ह्याच आकड्यावर कान लावून असतो.
बुडणारा माणूस इथेच ओरडतो.
आणि उणे एकशे एकोणीस म्हणजे
हाक कितीही बारीक झाली तरी सेटला ऐकू आलीच पाहिजे,
ती शेवटची पायरी.
रबाळ्यात कुणीतरी रोज सकाळी नऊचं बटण दाबत असणार,
एकेक सेट कानाशी धरत,
पास, पास, हा परत पाठवा.

मी काही बोललो नाही.
बाहेरून तीन व्होल्ट जोडले, मेमरीला कळणार नाही अशा बेताने.
डाखणी तापवली, तिचा प्लग उपटला,
गार व्हायच्या आत जुना काढून नवा बसवला.
मधेच कोंडविलकरांचा फोन वाजला, ढोलताशासकट,
आणि माझा हात हलला नाही, ह्याचा मला अजून अभिमान आहे.
मग त्यांच्या वहीतले आकडे एकेक करून पुन्हा भरले.

शुक्रवारी सगळी गल्ली मुकी.
शनिवारी बटण दाबलं. तक्रार नाही, बेरीज बरोबर.
नऊला बोलावलं. टेबलाखालच्या जुन्या सेटला वायर जोडली.
फुसफुसाटाच्या पार तळाशी एक शिटी,
केसाएवढी.

बिल: कपॅसिटर, नग एक, रुपये चार. मजुरी वेगळी.
कोंडविलकरांना सांगितलं, तुमचे रिमोट एक ते आठमध्ये ठेवा,
नववं बटण बिघडलंय, त्याचा सुटा भाग मिळत नाही.
ते "बरं" म्हणाले.
हमालाने चुंबळ नीट केली, मशीन डोक्यावर घेतलं.
उतरताना त्याने शिवी
फक्त बनवणाऱ्याला दिली.