खुंटी क्रमांक सत्तेचाळीस

व्हर्ना हुडाकनं नकाशा उघडला तो
बटाटे तळायच्या टपरीत, थंड कढईशेजारी.
चार कोपऱ्यांवर चार वजनं:
व्हिनेगरची बाटली, मिठाचा डबा,
तिचा स्वतःचा चष्मा
आणि माझा हात.
हात काढू नकोस, म्हणाली, गुंडाळी होते.

म्हणून अख्खी योजना मी उभ्यानं ऐकली.

लाकडी रोलर कोस्टर. अडुसष्ट फूट.
म्हणजे काहीच नाही म्हणे;
दोन तासांवरच्या मोठ्या पार्कात
याच्या तिप्पट आहेत, पोलादी, लोण्यासारखे.
पण पेनसिल्व्हेनियाच्या या कोपऱ्यात
आपल्याकडं ओढा आहे, ओढ्याकाठी घळ आहे,
आणि पडायला उंचीच लागते असं थोडंच,
खोली असली तरी भागतं.
हे इंजिनिअर बाई बोलली. जॅनेल प्रुइट, ओहायोची,
बुटांना चिखल, कानामागं पेन्सिल.
कागदावर एका जागी तिनं बोट ठेवलं:
इथं पोटात गोळा.
बोट सरकवलं: इथं परत, लहानसा.
इतक्या शांतपणे, जणू
नळ कुठं बसवायचा ते सांगतेय.

मी एकतीस वर्षं घोड्यांचं बघतो.
मेरी-गो-राउंडचे चोवीस घोडे, एक शहामृग.
तेही वरखाली होतात,
पण पोरं ज्या तोंडानं चढतात
त्याच तोंडानं उतरतात.

टाउनशिपच्या सभेत लॉइड ट्रेक्सलर उठला.
कुंपणापलीकडं त्याच्या गाई, साठ दुभत्या.
टोपी हातात घेऊन विचारलं:
लोक किंचाळतील का?
व्हर्ना म्हणाली, नाही किंचाळले
तर बँक किंचाळेल.
सगळे हसले. लॉइड नाही हसला.
मग ठरलं ते असं, की
दोन्ही वेळच्या धारा निघेपर्यंत गाडी हलणार नाही.
आणि ओढ्याकाठचं सिकॅमोर तोडायचं नाही.
हे दुसरं कुणी मागितलंच नव्हतं,
व्हर्नानंच जाता जाता कागदात घातलं.
त्या झाडाखाली एमरिक दुपारचा डबा खायचा.
तिनं कारण सांगितलं नाही,
मीही नाही.

लाकडाचा भाव उन्हाळ्यात दोनदा चढला.
वखारवाला आता फुटांत बोलत नाही,
ट्रकांत बोलतो. खिळे टनांत.
आणि बांधून झाल्यावर? मी विचारलं.
झाल्यावर, रोज पहाटे एक माणूस
रुळांवरून चालत जाणार हातोडी घेऊन,
एकेक बोल्ट ठोकून ऐकत.
व्हर्ना खिडकीबाहेर बघत होती,
म्हणजे माझ्याकडंच बघत होती.
माझे गुडघे बासष्ट वर्षांचे.
ते काही बोलले नाहीत.

नोव्हेंबरात खुंट्या ठोकल्या,
एकशे बारा, गुलाबी फितींच्या.
पार्क बंद. घोडे ताडपत्रीखाली.
एका संध्याकाळी फाटक लावून
घरी जायचं सोडून
मी निघालो खुंटी एकपासून.
चढावर हळू, साखळी ओढते तसा,
तोंडानं खडखड खडखड करत.
माथ्यावर थांबलो.
खाली घळ, नुकताच भुरभुरू लागलेला बर्फ,
लॉइडच्या गोठ्यातला एक दिवा.
मग दोन्ही हात वर केले
आणि उतारावरून सुटलो.
एकोणिसाव्या खुंटीपाशी टोपी उडाली.
एक हरिणी चरायची थांबली,
चघळता चघळता बघत राहिली.
सिकॅमोरला वळसा घेतला, बुंध्यावर बोटं घासत.
किंचाळलो का?
लॉइडला विचारा.

सत्तेचाळिसाव्याला पाय अडखळला,
खुंटी उपटून हातात आली.
अंधारात भोक सापडेना.
अंदाजानं ठोकली दगडानं,
वीतभर आत असेल, किंवा बाहेर.
मार्चमध्ये जॅनेल पुन्हा मोजणार,
भुवया चढवून जागेवर आणणार,
आणि ते बरोबरच आहे.

तोवर, हिवाळाभर, बर्फाखाली
ते एवढं वळण माझं.