शून्य पूर्णांक तीन

पुंता आरेनासच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
परिचारिकांच्या खोलीतली किटली जळाली.
एवढंच.
सोळा अँपियरचा गुन्हा.
पण सुक्याबरोबर ओलं जळावं तसे
चारही मजले अंधारले.
लिफ्टमध्ये अडकलेली एक बाई, कळा सुरू झालेली,
काचपेट्यांत अपुऱ्या दिवसांची तीन बाळं
बॅटरीच्या श्वासावर,
आणि खाली तळघरात
सहाशे तीसचा मुख्य ब्रेकर
मान टाकून.

जूनमधली सकाळ, म्हणजे दहाला उजाडणारी.
एदुविना मान्सिया आली.
मागे मी, तिची पिशवी धरणारा, परवाना नसलेला.
तिने कोणाला काही विचारलं नाही.
पॅनेलचं दार उघडलं, कपाळावरचा चष्मा खाली ओढला
आणि एका नखाएवढ्या चकतीकडे बघत राहिली.
काटा अगदी डावीकडे, सर्वांत लहान आकड्यावर.
दाराच्या आतून पेन्सिलीने लिहिलेलं:
हात लावू नये. सुरक्षित आहे. ओ. बार्रिया.

ओर्तेन्सियो. तिच्या हातात पहिला पाना देणारा.
त्याने एकदा गोदीत पाहिलं होतं,
तांब्याची पट्टी वितळून माणसाच्या अंगावर आलेली.
त्यानंतर जिथे चकती दिसेल तिथे
तो ती डावीकडे फिरवत गेला.
शंका आली की सगळंच बंद.

"इकडे ये."
तिने ट्रेसिंगचे तीन कागद
खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले.
मागे सामुद्रधुनी, शिशाच्या रंगाची.
कागदावर तीन उतरत्या रेघा:
किटलीची, मजल्याची, अख्ख्या इस्पितळाची.
वर तिघी अंतर राखून चालल्या होत्या, जावा चालतात तशा.
खाली येता येता
थोरलीचा पाय घसरत होता
आणि ती धाकटीच्या अंगावर पडत होती.

"इथे. जो जवळ आहे त्याने आधी पडायचं.
वरच्याने नुसतं ऐकायचं. धीर धरायचा.
खालच्याला जमलंच नाही, तर मग."

किती धीर?

"मजल्याने शून्य पूर्णांक एक सेकंद.
मुख्यने शून्य पूर्णांक तीन."

मी हसलो. ती हसली नाही.
"तेवढ्या वेळात तांबं काय सोसतं, माहीत आहे?
थांबणं फुकट नसतं, पोरा.
ठिणगी इथेच, या दारामागे पेटली
तर त्या तीन दशांशांत
समोर उभा असलेला भाजून निघेल.
ओर्तेन्सियो वेडा नव्हता."

दुपारभर ती पट्ट्यांची जाडी मोजत होती,
आकडेमोड माझ्या सँडविचच्या कागदावर.
मग काटा उजवीकडे नेला.
आणि दाराशेजारी एक किल्ली बसवली, पिवळी:
कोणी पॅनेल उघडून आत हात घालणार असेल
तर आधी ही फिरवायची,
म्हणजे थोरला तेवढ्यापुरता धीर विसरतो.
माणूस दारात असताना थांबायचं नाही.

साडेचारलाच अंधारून आलं होतं.
पेन्सिलीची ओळ तिने खोडली नाही.
खाली लिहिलं:
हात लावला. ए. मा.

ऑगस्टमध्ये तिसऱ्या मजल्यावर टोस्टर गेला.
एक परिचारिका कुरकुरत खाली आली,
हातात कच्चा पाव.
बाकी कोणाला कळलंही नाही.
मी तळघरात जाऊन पाहिलं.
सहाशे तीस उभा होता.
त्याने ऐकलं असणार सगळं.
बोलला नाही काही.