शेरा

मार्च संपत आलाय. गुदामात पंखा फिरतो,
वारा येत नाही.
वरून नवा तक्ता आलाय:
अनुक्रमांक, वर्णन, नग, पुस्तकी किंमत, शेरा.
शेऱ्यात दोनच शब्द चालतील, असं पत्रात आहे.
हस्तांतरणीय, नाहीतर भंगार.

सल्लागार कंपनीचा पोरगा पाठवलाय सोबतीला, सौमित्र.
नम्र आहे, मला सर म्हणतो.
काल शेंगाचटणीनं डोळ्यांत पाणी आलं
तरी भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं
डबा पुसून खाल्ला त्यानं.
राग धरावा असं त्याच्यात काही सापडत नाही,
ही एक अडचणच.

हातकंदील, अकरा. काचा तीन.
बाक, सागवानी, पाठीवर म.रे. कोरलेलं,
खाली कुणीतरी खिळ्यानं लिहिलेलं: लक्ष्मी + .
पुढचं नाव खरवडलेलं.
मालधक्क्याजवळचा कडुनिंब लिहायचा का, विचारलं.
झाड जमिनीबरोबर जाईल, म्हणाला.
मग जमीन कुठल्या तक्त्यात?
तो तक्ता वेगळा आहे सर,
तो मलाही दाखवत नाहीत.

सरकारी होती तेव्हा सगळं सोनं होतं
असं मी म्हणणार नाही.
माझ्या सासऱ्यांच्या थकबाकीची फाईल
याच इमारतीत नऊ वर्षं फिरली,
दोन जिने आणि एक व्हरांडा एवढ्याच अंतरात.
ती मंजूर झाली तेव्हा सही करायला ते नव्हते.

कपाटाच्या तळाशी, वाळवीनं कडा खाल्लेलं
एक रजिस्टर निघालं. बार्शी लाइनचं.
साल चोपन्न. लंडनच्या कंपनीकडून
सरकारकडे ताबा देतानाची यादी.
तेच रकाने. फक्त शाई बदलली.
'हातोडा, चाक तपासणीचा, १. दांडा नवा. चालतो.'
खाली सही, य. ना. क्षीरसागर, कारकून.
आणि पानाच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं, बारीक:
उद्यापासून साहेब कोण?

सौमित्रनं मोबाइलवर त्याचा फोटो काढला.
कशाला, ते मी विचारलं नाही.

आमच्याही यादीत हातोडा आहे. नग एक, बाभळीचा दांडा.
गुरुसिद्ध बिराजदारचा. एकतीस वर्षं
गाडी थांबली की हा माणूस वाकून
एकेका चाकावर ठोका मारत पुढे जायचा,
चहावाल्यांच्या आरडाओरड्यात कान देऊन.
'चाक बोलतंय की. तडा असला का
घसा बसल्यावानी बोलतंय.'
ऑगस्टात त्याचं पद रद्द झालं.
आता रुळाशेजारी यंत्र बसणार आहे,
ते बरोबर ऐकेलही, मी कोण सांगणार.

दुपारी आम्ही साइडिंगला गेलो.
गवतात एक वॅगन उभी आहे, कधीची कोण जाणे.
सौमित्रनं हातोडा उचलला, चाकावर मारला.
मग मला विचारतो,
सर, चांगला आवाज म्हणजे कसा?

मी कारकून. जन्मभर मोजत आलो.
फोन लावला. गुरुसिद्ध अक्कलकोटला, लेकीकडे.
मागे कुकरची शिट्टी, नातवंडाचं रडणं.
म्हटलं, ऐक जरा.
सौमित्रनं ठोका मारला, मी फोन चाकाजवळ धरला.
'परत मारा. खाली. जरा खाली की वो. हां.'

बराच वेळ नुसती खरखर.
शिट्टी थांबली होती, पोर गप्प झालं होतं.
सौमित्र हातोडा तसाच धरून उभा.
उन्हात त्याची सावली रुळावर पडलेली,
वॅगनखालून एक कुत्रं उठून निघून गेलं.

मग गुरुसिद्धनं हळूच विचारलं,
'कुठली गाडी आहे?
किती लेट आलीय?'