झाकण

आठ मिनिटं. कधी साडेआठ.
तेवढा वेळ इंजिन पाठीवर शहाण्यासारखं बसतं,
मग तिसा नदीच्या वळणावर, बगळ्यांची वसाहत दिसायच्या आत,
त्याच्या आवाजातला एक थर निघून जातो,
दुधावरची साय कुणी अलगद उचलून न्यावी तसा.
बंद नाही पडत. तेच तर.
बंद पडतं तर मी शिव्या घालून मोकळी झाले असते.
नुसतं खंगतं.
थ्रॉटल मुठीत पुरता आवळलेला,
आणि खालची पॉपलरची झाडं
हळूहळू मोठी होत जातात.

तीनदा उतरले अशी.
कापलेल्या सूर्यफुलांच्या खुंटांत, पुराच्या बंधाऱ्यावर,
आणि एकदा बाई एमेशेच्या बदकांच्या कुंपणात.
बदकांनी माफ केलं.
एमेशे अजून दुकानात विचारते,
वजन वाढलंय का गं तुझं?

बर्तलाननं चाळीस वर्षं सहकारी शेतीचे ट्रॅक्टर जगवले
आणि त्यांना आपले दोन्ही कान देऊन टाकले.
तो इंजिन ऐकत नाही. चौकटीवर तळवा ठेवतो,
डोळे मिटतो,
तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसं.
घोडं नेमकं कुठं पेंड खातंय, ते कळेल, म्हणतो.

प्लग काढला. भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचा. निर्दोष.
कार्बोरेटरचा पडदा बदलला, देब्रेत्सेनहून मागवून,
माझ्या अर्ध्या महिन्याच्या पगारात.
झडपांच्या पात्या खिडकीशी धरून पाहिल्या,
फटीतून उजेड येतो का.
नाही आला.
जोडांवर साबणाचं पाणी लावलं, बुडबुड्यांची वाट पाहिली.
पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा दाबल्यावर चपटाच राहायचा एकेकदा.
मी म्हटलं, जुना झालाय.
(हे मी म्हटलं. लक्षात ठेवावं लागेल मला.)

आणि दर वेळी झाकण उघडून टाकी भरायची,
दोरी ओढायची,
की शेडमध्ये ते असं गरजायचं
की छपरावरची धूळ खाली यायची.
काही झालेलंच नाही, म्हणायचा बर्तलान,
तळवा पँटला पुसत.
मी त्याच्याकडे बघायचे नाही.
आठ मिनिटांचं दुखणं
खाली उभ्या माणसाला कसं दाखवायचं?

ओर्शी, त्याची नऊ वर्षांची नात,
पालथ्या बादलीवर बसून जर्दाळू खात होती.
ती उसासते, म्हणाली.
कोण?
टाकी. झाकण उघडता तेव्हा. दर वेळी.

त्याला ऐकू येत नाही,
आणि माझ्या डोक्यावर शिरस्त्राण, नाहीतर लक्ष प्लगकडे.
आम्ही तपासायला म्हणून उघडत होतो
आणि उघडलं की ते बरं होत होतं.

झाकणातून लोंबणारी हवेची नळी,
पेन्सिलीपेक्षा बारीक.
तिच्या तोंडाशी मातीचा बूच, गुळगुळीत,
अंगठ्यानं लिंपल्यासारखा.
कुंभारीण.
पेट्रोलच्या वासात, इतक्या मोठ्या मैदानात,
तिला हीच जागा मिळाली.
जसजशी टाकी रिकामी होई, आत पोकळी दाटत जाई,
आणि पेट्रोलचा घोट घशातच अडून राही.

बर्तलाननं माझ्या केसांतली पिन मागितली.
माती अख्खी निघाली. आत तीन कोळी, गुंगीत,
आणि एक पांढरट अळी, भाताच्या शितासारखी.
त्यानं ते सगळं काडेपेटीत ठेवलं, पेटी खिडकीत.
का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
नळीच्या तोंडाला ओर्शीच्या जुन्या मोज्याची जाळी बांधली,
गुलाबी.

सकाळी सव्वापाचला उडाले.
सहा. सात.
आठव्या मिनिटाला माझा हात आपोआप पॉपलरांच्या पलीकडचं
मोकळं रान शोधू लागला.
नऊ.
बंधाऱ्यावर बर्तलान घड्याळ डोळ्यांशी धरून उभा होता,
त्यानं टोपी काढली,
टक्कल खाजवलं,
परत घातली.

वसाहतीवर पोचले, बगळे उठले, खाली सगळं पांढरं झालं.
घरटी मोजायची होती, त्याचेच पैसे मिळतात.
एकशे बारा असतील, एकशे वीसही.
माझे कान सगळे मागे,
पाठीवर.
उद्या पुन्हा यावं लागेल.