आर चौदा बदलला

फणसोपकराच्या भंगारात, वजनकाट्यापाशी,
फ्रिजचे कॉम्प्रेसर आणि ट्रॉलरचा एक वाकडा पंखा
यांच्यामध्ये ते पोतं पडलं होतं.
रेडिओ केंद्राच्या लिलावातलं, म्हणाला,
तांबं निघेल दोनेक किलो.

आत अठरा मॉड्यूल, लांबट, पातळ,
खारवलेल्या बांगड्यांसारखी थरावर थर;
आणि तळाशी अकरा ट्रान्सफॉर्मर,
काडेपेटीहून जरा मोठे,
पत्र्याच्या डबीत डांबराने कायमचे बंद.
तळहातावर घेतला की कळतं.
वजनाला खोटं बोलता येत नाही.
मी तांब्याच्या भावाने पैसे मोजले
आणि चोरासारखा खाडीकडच्या रस्त्याने परत आलो.

माझं दुकान मिरकरवाड्यात, बर्फाच्या कारखान्याला लागून.
मासे शोधायची यंत्रं, बोटींचे वायरलेस,
खाऱ्या वाऱ्याने हिरवी पडलेली सर्किटं
स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशने घासून
पुन्हा बोलती करायची, एवढंच येतं.
हाताखाली रुमान, वय एकोणीस.
"काका, हे सगळं पन्नास रुपयांच्या चिपात मावतं."
मावतं रे.
मी कुठे नाही म्हटलं?

कागद नाही, नकाशा नाही.
मीटरच्या दोन टोकांनी अंधारात चाचपत गेलो:
इथे चाळीस ओहम, तिथे नऊशे,
मधली पिवळी तार कुणाशीच बोलेना.
पहिल्या मॉड्यूलला चोवीस व्होल्ट उलटे दिले गेले.
कपॅसिटर फुटला की सडक्या मासळीचा वास सुटतो;
मिरकरवाड्यात
तो कुणाच्या लक्षातही आला नाही.

दुसरं उघडलं.
झाकणाच्या आतल्या अंगाला, पेन्सिलीने, तिरप्या अक्षरात:
माईक २. खरखरतो. आर चौदा बदलला.
भि. ग. १२/६/८३

बारा जून.
म्हणजे होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या,
बंदरात काळं कुत्रं नाही,
आणि हा कुणी भि. ग. दार लावून
तांदळाएवढ्या एका रोधावर वाकलेला,
कारण सातच्या आत कुणाला तरी
याच्यातूनच सांगायचं होतं
की समुद्र खवळलेला राहील.
भिकाजी असेल. पुढे गवाणकर, गद्रे, गुरव,
काय ते ठाऊक नाही.
पण त्याचा डाग बघा:
शंकूसारखा, चकचकीत, एक थेंब जास्तीचा नाही.
चाळीस पावसाळे त्याला गंज शिवलेला नाही.
माझे डाग अस्लम होडेकराच्या बोटीवर
दोन सीझन निघतात, तेही नशिबाने.

मग मी बझरमधली पितळी चकती सोडवली,
मेणात बुडवली, सायकलच्या ट्यूबात गुंडाळली,
ट्रान्सफॉर्मर उलट्या अंगाने जोडला
आणि रात्री, ओहोटी लागायच्या वेळी,
भाट्याच्या पुलाखाली खाडीत सोडली.

आधी नुसती घूं.
वरच्या दिव्यांची, तारांची, अख्ख्या रत्नागिरीची घूं.
"फिरव," म्हटलं रुमानला. "हळू. अजून थोडा. अजून."
प्रत्येक ट्रान्सफॉर्मरची एक कूस असते,
तिच्यावर झोपवला की
बाहेरचा गलका त्याला ऐकू येत नाही.
बोटभर फिरला, घूं उतरली.
केसभर फिरला
आणि खाली पाणी होतं.

रुमानने हेडफोन माझ्या डोक्यावरून काढूनच घेतले.
बराच वेळ बोलला नाही.
मग: "काका, हा अजून खरखरतोय."
"कोळंबी आहे ती. दगडांच्या फटीत नांग्या वाजवते."
"एवढी?"
तेलात मोहरी पडावी तशी, तळभर.

घरी आल्यावर झाकण पुन्हा उघडलं.
भि. ग.च्या ओळीखाली जागा होती.
पेन्सिल सापडली नाही,
बॉलपेन त्या पत्र्यावर उमटेना.
आर चौदा आहे तसाच ठेवलाय.