आवाज कमी करायचं बटण

दुपारी दोनला कूलरमध्ये बादली रिकामी करून वळलो
तर काउंटरपाशी निखारेबाई.
पदराच्या गाठीतून सोडून फोन समोर ठेवला,
भाजीवाल्याकडे सडका कांदा परत ठेवतात तसा.
"पाय बरं भूपेश. रातच्यापासून असाच करून रायला."

काळा पडदा. मधोमध हिरवा यंत्रमाणूस उताणा,
पोटाचं झाकण उघडं, वर एकच शब्द: स्टार्ट.
दाबलं की थरथरतो, कंपनीचं नाव दाखवतो
आणि पुन्हा येऊन तिथंच आडवा होतो.

"मेला का?"
मेला नाही, काकू.
झिरो माईलपाशी उभा आहे.
साऱ्या गावांची अंतरं दगडावर कोरलेली,
चार घोडे उधळायच्या बेतात,
आणि टाप एकाचीही उचलत नाही.

केबल लावली. लॅपटॉपनं हाक मारली,
आतून लांबलचक नंबर आला.
म्हणजे कोणीतरी जागं होतं.
रिबूटचा हुकूम सोडला. गेला,
आला परत.

आता कुलूप तोडायचं, नवं सॉफ्टवेअर भरायचं.
पण कुलूप तुटलं की घर झाडून रिकामं;
कंपनीनं ही सोय चोरासाठी केली,
मालकालाही तीच लागू.

"म्हणजे फोटो जाते?"
सगळे.
"मंग राहू दे बाप्पा."

मला वाटलं, नातवंडांचे असतील.
उधारीचे होते.
बाईची मेडिकल चौकात तर्री-पोह्याची गाडी.
पहाटे पाचला हात तेलाचे, वही कोण धरणार?
ज्याच्याकडे सुट्टे नाहीत, ज्याचं नेट चालत नाही,
त्याचा फोटो, प्लेटीसकट.
पैसे आले की पुसायचा.
असे चारशे बारा जण
त्या हिरव्या माणसाच्या पोटाखाली दबलेले.

फोन परत द्यायला उचलला
तेव्हा अंगठा कडेला लागला आणि अडखळला.
आवाज कमी करायचं बटण वर येत नव्हतं.

ते दाबून धरून फोन चालू केला की तो इथंच येतो,
हे मीच शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगतो.
आणि इथं ते दाबलेलंच होतं,
कोणी बोट न लावता, रात्रभर.

सुई, कापूस, स्पिरिटचे तीन थेंब.
आधी लाल तेल आलं, मग काळं झालेलं तेल,
आणि शेवटी सुईच्या टोकावर
अर्धी मोहरी.

टक्.
एवढासा आवाज. पण तो ऐकला की मला जेवण जातं.

कंपनीचं नाव आलं. थांबलं.
वरून मेट्रो गेली, कपाटाची काच हलली,
आम्ही दोघंही त्या नावाकडे बघत राहिलो
आणि ते पुसलं जाऊन तिची गाडी दिसली, वाफेसकट.

बाई लगेच मोजायला बसली.
हा वॉर्डबॉय. हा परीक्षेवाला पोरगा,
नापास झाला, आता रस्ता बदलून जातो.
ही नर्स, ही देईल.
मग मी.
बोटांत लिंबू, तोंड उघडं, फेब्रुवारीतला गुरुवार,
दोन प्लेटा.
तिचा अंगठा त्याच वेगानं पुढे गेला.

"किती झाले?"
दीडशे, म्हणालो. कूलरकडे बघत म्हणालो,
साठ कापून घ्या.
"नाई. तुहे तुह्याजवळ, माहे माह्याजवळ. हिशेबात कालवाकालव नोको."
मग कनवटीला हात लावला, आणि तसाच राहिला.
गल्ला गाडीवर, नेटचा पॅक काल संपलेला.

सरळ उभी राहिली, फोन छातीशी धरून.
"काढ माहा फोटो. तुह्या मोबाईलमधी."

काढला.
पदराला तर्रीचा डाग, डोळे अर्धे मिटलेले.
दुसरा काढू का, काकू?

"कायले? उधारी तं एकच हाय."